खुर्ची तीच, मंत्री नवा: १९७७ चं जनता सरकार आणि वृत्तमाध्यमं

आणीबाणीचा विषय निघाला की लालकृष्ण आडवाणींचं एक वाक्य हमखास निघतं. तुम्हाला नुसतं वाकायला सांगितलं होतं, तुम्ही तर रांगायलाच लागलात. हे त्यांनी पत्रकारांना सुनावलं होतं. दर वर्षी २५ जूनच्या आसपास ते कुठल्या ना कुठल्या लेखात येतंच आणि वाचणारा मान डोलावतो. मला त्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. आणीबाणी संपल्यावर आलेल्या जनता सरकारात आडवाणी स्वतः देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणी त्यांच्या हाताखाली होती, दूरदर्शन होतं, वर्तमानपत्रांना सरकारी जाहिराती वाटणारं खातं होतं, वृत्तपत्रांची नोंद ठेवणारं कार्यालय होतं. ज्या दोरीनं वृत्तपत्रांना वाकवलं गेलं, तिचं टोक आता त्यांच्याच हातात आलं होतं.

त्या दोरीचं पुढे काय झालं, एवढाच या प्रकरणाचा विषय. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी हा ज्या निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा होता, ती जिंकून आलेल्या सरकारनं वृत्तमाध्यमांसाठी काय केलं, काय करायचं ठेवलं आणि जे ठेवलं ते का ठेवलं.

आधी काय होतं

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरची वीज गेली. बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांचे छापखाने त्याच रस्त्यावर. यंत्रं थांबली, दुसऱ्या दिवशीचे अंक निघाले नाहीत. पण ‘हिंदुस्थान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांची कार्यालयं नवी दिल्ली नगरपालिकेच्या हद्दीत होती, त्यांची वीज वेगळी. ती तोडायची राहून गेली आणि ते अंक बाहेर पडले. सरकारी जुलमाच्या इतिहासातसुद्धा महावितरणछाप गोंधळ असतोच.

२६ तारखेपासून सेन्सॉर आला. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे कोऱ्या जागा सोडण्यावरही बंदी आली. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता छापून आली. ‘डी. ई. एम. ओ’क्रसी’ नावाच्या गृहस्थांचं निधन, मागे पत्नी ‘टी. रूथ’ आणि मुलगा ‘एल. आय. बर्टी’. इंग्रजीत मोठ्यानं वाचलं की लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य अशी सगळी मंडळी ऐकू येतात. जाहिरातींच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनानं ती पैसे घेऊन लावून टाकली असणार. सेन्सॉरचं लक्ष पहिल्या पानावर.

महाराष्ट्रातही कमी घडलं नाही. औरंगाबादच्या ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरोधी चळवळीचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात मुंबईच्या सेन्सॉर अधिकाऱ्याला खडसावलं. सगळ्या वृत्तपत्रांची शिडं एकाच वाऱ्याला लावणं, सगळ्यांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. ऐन आणीबाणीत हे लिहिणारे न्यायमूर्ती होते मादन आणि कानिया. या निकालाची आठवण आपल्याकडे व्हावी तितकी होत नाही.

प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाची तारीख मात्र ८ डिसेंबर १९७५. त्या एका दिवशी तीन अध्यादेश निघाले. पहिला ‘आक्षेपार्ह मजकूर’ छापायला बंदी करणारा. दुसरा, वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी पाहणारी प्रेस कौन्सिल गुंडाळणारा. तिसरा, संसदेत जे बोललं जातं ते खरेपणानं छापलं तर पत्रकारावर खटला भरता येणार नाही, हे संरक्षण काढून घेणारा. हे संरक्षण १९५६ मध्ये इंदिरा गांधींचे पती फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक आणून मिळवलं होतं. नवऱ्यानं आणलेला कायदा बायकोनं काढला, असं लोक तेव्हा दबक्या आवाजात म्हणत.

फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था मोडून त्यांची ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली गेली. आक्षेपार्ह मजकुराच्या कायद्याला तर चाळिसाव्या घटनादुरुस्तीनं नवव्या परिशिष्टात नेऊन बसवलं, म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावानं न्यायालयात त्याला हात लावायची सोय उरली नाही.

पहिले चार आठवडे

१८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि सेन्सॉर सैल झाला. आक्षेपार्ह मजकुराचा कायदा मात्र तसाच होता. वृत्तपत्रांनी दोन महिने मान खाली घालून, मग हळूहळू वर करून प्रचार छापला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला. खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी हरल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली, २४ मार्चला मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला.

मंत्रिमंडळात कोण होतं हे पाहिलं की पुढचा वेग समजतो. माहिती खात्याचे आडवाणी पूर्वी ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकात पत्रकार होते. २६ जून १९७५ ला बंगळुरूत त्यांना अटक झाली, तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी तिथे आलेले वाजपेयी आणि मधू दंडवतेही पकडले गेले. तिघेही एका तुरुंगात होते. आता एक माहिती, एक परराष्ट्र आणि एक रेल्वे सांभाळत होता. वाणिज्य खातं पुण्याच्या मोहन धारियांकडे आलं, तेही तुरुंगातून आलेले. छापील शब्द गळा दाबून बंद केला की काय होतं, हे या मंडळींना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून एप्रिल १९७७ संपायच्या आत दोन कायदे झाले. आक्षेपार्ह मजकुराचा कायदा रद्द. फिरोज गांधींचा कायदा नव्या रूपात परत, वर्तमानपत्रांबरोबर नभोवाणीवरून सांगितलेल्या बातमीलाही तेच संरक्षण. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बहुमत होतं, हे इथेच लक्षात ठेवायला हवं. तरी दोन्ही विधेयकं तिथून पार झाली. लोकसभेत विरोधी पक्षनेत्याच्या बाकावर यशवंतराव चव्हाण होते. आदल्या वर्षी ज्या सरकारनं हे कायदे उलटे केले त्यात ते स्वतः मंत्री होते. आता उभं राहून नाही म्हणण्याची सोय त्यांच्या पक्षाला नव्हती.

जून १९७७ मध्ये विधानसभांच्या निवडणुका आल्या. त्या वेळी मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवरून आपलं म्हणणं मांडायला वेळ दिला गेला. हे देशात पहिल्यांदाच घडत होतं. सरकारी रेडिओवरून सरकारच्या विरोधकाचा आवाज, तोही मतं मागताना. आज आपल्याला ते कंटाळवाणं भाषण वाटतं आणि आपण रेडिओ बंद करतो. ज्यांनी दोन वर्षं एकाच पक्षाचा आवाज ऐकला होता, त्यांना ते तसं वाटलं नसणार.

श्वेतपत्रिका

ऑगस्ट १९७७ मध्ये सरकारनं आणीबाणीतल्या माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. वृत्तपत्रांची ‘मित्र’, ‘तटस्थ’ आणि ‘विरोधी’ अशी वर्गवारी करून त्या हिशेबानं जाहिराती दिल्या किंवा तोडल्या गेल्या, हे त्यात कागदोपत्री आलं. किशोरकुमारनं सरकारच्या कार्यक्रमाला साथ द्यायला नकार दिला म्हणून मे १९७६ पासून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली होती. त्याचीही चौकशी आणीबाणीतल्या गैरप्रकारांसाठी नेमलेल्या शहा आयोगासमोर झाली. इंदिरा गांधींनी आकाशवाणीच्या केंद्र संचालकांना स्पष्टच सांगितलं होतं की आकाशवाणी ही सरकारची यंत्रणा आहे आणि तशीच राहणार. तिच्या विश्वासार्हतेची वेगळी चर्चा त्यांना निरर्थक वाटत होती.

माझ्या मते ही श्वेतपत्रिका हे जनता सरकारचं या क्षेत्रातलं सर्वांत प्रामाणिक काम, आणि तिथूनच घसरणही सुरू होते. कारण ती नीट वाचली तर एक गोष्ट उघड दिसते. जाहिरातींची वर्गवारी करायला कुठलाही नवा कायदा लागला नव्हता. किशोरकुमारला बंद करायला अध्यादेश काढावा लागला नव्हता. एका सचिवाचा फोन, एका अधिकाऱ्याची टाचणी लावलेली चिठ्ठी, बस्स. हे सगळं आणीबाणीच्या आधीच्या, साध्या, रोजच्या अधिकारात बसत होतं. म्हणजे कायदे रद्द केल्यानं ते संपणार नव्हतं.

‘समाचार’चं काय करायचं

आता जरा एका मराठी दैनिकाच्या उपसंपादकाच्या टेबलाशी जाऊ. कोपऱ्यात टेलिप्रिंटर खडखडतोय. कागदाचा गुंडाळा खाली लोळतोय. शिपाई मजकूर फाडून आणून ठेवतो, उपसंपादक तो टराटरा फाडून बातम्या वेगळ्या करतो आणि न्यूजप्रिंटच्या कापलेल्या चिटोऱ्यांवर मराठी करत जातो. मजकूर इंग्रजी. बिहारमधली घटना, हिंदीत बोललेलं भाषण, बातमीदारानं इंग्रजीत पाठवलेलं, दिल्लीत इंग्रजीत दुरुस्त झालेलं, आणि आता पुण्यात मराठीत आणायचं. त्यात ‘रेल रोको’चं आधी इंग्रजी व्हायचं आणि मग कुणी तरी त्याचं ‘रेल्वे अडवा आंदोलन’ करायचं. अशा टेबलावर सगळ्या दैनिकांना एकच तार येऊ लागली की दुसरी बाजू कळायचा मार्गच बंद होतो. पूर्वी पीटीआयनं सोडलेली बातमी यूएनआयकडे सापडायची. ‘समाचार’च्या काळात ती सापडायची नाही.

कुलदीप नय्यर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नय्यर स्वतः आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. समितीनं ऑगस्ट १९७७ मध्ये अहवाल दिला आणि त्यात एक वेगळा विचार होता: जुन्या चार संस्था जशाच्या तशा उभ्या करू नका, एक संस्था इंग्रजीसाठी आणि दुसरी भारतीय भाषांसाठी करा. नावंही सुचवली होती, ‘संदेश’ आणि ‘वार्ता’. त्या उपसंपादकाच्या दृष्टीनं पाहिलं तर हा खरा उपाय होता.

सरकारनं तो घेतला नाही. पूर्वीच्या संस्था पूर्वीच्या जागी, हा निर्णय झाला आणि १४ एप्रिल १९७८ ला ‘समाचार’ मोडून चारही संस्था पुन्हा सुरू झाल्या. एका अर्थी योग्यच. सरकारनं मोडलेलं सरकारनं जोडून दिलं आणि आपल्या मनासारखी नवी संस्था उभारण्याचा मोह टाळला. तो मोह झाला असता तर उद्या ‘वार्ता’ कुणाची, हा वाद झालाच असता. पण भाषांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. यूएनआयची हिंदी सेवा १९८२ मध्ये आली, पीटीआयची १९८६ मध्ये. मराठी उपसंपादक भाषांतर करत राहिला.

आकाशवाणी

इथे प्रकरणाची गाठ आहे.

१९७७ मध्ये टीव्ही मूठभर शहरांत होता. मुंबई केंद्र १९७२ चं. दूरदर्शनला आकाशवाणीपासून वेगळं करून जेमतेम वर्ष झालं होतं. खेड्यात बातमी म्हणजे रेडिओ. वर्तमानपत्र वाचणाऱ्यापेक्षा रेडिओ ऐकणारा कितीतरी पट मोठा आणि त्याला दुसरं केंद्र लावायचं तर बीबीसी. बीबीसीचे मार्क टुली आणीबाणीत देश सोडून गेले होते, ते परत आले. अशा देशात रेडिओ सरकारच्या हातात आहे की नाही, यावर वृत्तमाध्यमांचं स्वातंत्र्य किती हे ठरतं. वर्तमानपत्रांचे कायदे त्यापुढे दुय्यम.

जनता पक्षाच्या जाहीरनाम्यात आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता द्यायचं वचन होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. व्हर्गीज म्हणजे आणीबाणीच्या काळात ‘हिंदुस्थान टाइम्स’च्या संपादकपदावरून दूर झालेला माणूस, निवड चोख होती. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांचा अहवाल आला. रेडिओ आणि टीव्ही मिळून एक राष्ट्रीय न्यास करावा, त्याचं नाव ‘आकाश भारती’, सरकारपासून वेगळा, आणि त्याच्या स्वायत्ततेला घटनेचं संरक्षण असावं.

मग काय झालं? पंधरा महिने काही झालं नाही. म्हणजे चर्चा झाली, टिपणं झाली, मंत्रिमंडळात विषय फिरला. मे १९७९ मध्ये विधेयक आलं, तोवर न्यासाचं महामंडळ झालं होतं, घटनेचं संरक्षण गळालं होतं आणि नाव ‘प्रसार भारती’ झालं होतं. दोन महिन्यांत सरकारच कोसळलं. ऑगस्टमध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर मेलं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की राज्यसभेत बहुमत नव्हतं. मला ते पटत नाही. एप्रिल १९७७ ची विधेयकं त्याच राज्यसभेतून गेली होती आणि हे विधेयक तर राज्यसभेच्या दारापर्यंत पोचलंच नाही. दुसरं उत्तर असतं पक्षातल्या भांडणांचं. ते अर्धं खरं. पण भांडणं रंगात असतानाच सरकारनं चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती पार पाडली, जिच्यासाठी दोन-तृतीयांश मतं लागतात. तेव्हा इच्छा असती तर वाट निघाली असती.

खरं कारण साधं असावं. आक्षेपार्ह मजकुराचा कायदा रद्द करताना कुणा मंत्र्याच्या हातून काही जात नव्हतं. तो दुसऱ्यानं, त्यांच्याविरुद्ध केलेला कायदा होता. रेडिओ सोडायचा तर स्वतःच्या ताटातलं सोडायचं. रात्रीच्या बातम्यांत आपल्या दौऱ्याचा उल्लेख आला का, हे बघणारे मंत्री सगळ्याच सरकारांत असतात, आणि जनता सरकारात तर एकाच्या दौऱ्याचा उल्लेख आला की दुसऱ्या गटाच्या मंत्र्याला झोप लागत नसणार. आडवाणींनी आकाशवाणीत आणि वर्तमानपत्रांत आपल्या विचाराची माणसं बसवली, हा आरोप तेव्हापासून आजवर होत आला आहे. तो किती खरा यावर वाद घालता येईल. पण रेडिओ मंत्र्याच्या हातात असेपर्यंत असा आरोप होणारच आणि तो खोडून काढायची सोय मंत्र्याकडे नसते.

न्यूजप्रिंटचंही तेच. आयात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत, कोटा सरकार ठरवणार, ही पद्धत चालू राहिली. महामंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली, म्हणजे धारियांच्या खात्यात. धारियांनी त्याचा कुणाविरुद्ध वापर केला असं कुणी म्हणत नाही. जाहिरातींचं वाटपही खात्याच्याच मर्जीवर राहिलं. श्वेतपत्रिकेत ज्या चाव्या दाखवल्या होत्या, त्या भिंतीवरच्या त्याच खिळ्याला टांगलेल्या होत्या. फक्त रोज कुणी काढत नव्हतं.

मोकळी वृत्तपत्रं

उलट बाजूनं काय चाललं होतं? वृत्तपत्रांना वाचा फुटली होती आणि वाचकाला भूक होती. आणीबाणीवरची पुस्तकं, तुरुंगातल्या आठवणी, शहा आयोगासमोरच्या साक्षी, सगळं हातोहात खपत होतं. सुरुवातीचे काही महिने सरकार आणि पत्रकार एकाच वरातीत नाचत असल्यासारखे होते. ‘एक्स्प्रेस’चे मालक रामनाथ गोएंका तर जयप्रकाशांचे स्नेही, त्यांच्यासाठी हा स्वतःचाच विजय होता.

वरात लवकरच पांगली. मे १९७७ मध्ये बिहारमधल्या बेलछीत दलितांना जाळून मारलं गेलं. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी पावसाचिखलातून, शेवटी हत्तीवर बसून तिथे पोचल्या आणि ती बातमी देशभर गेली. ३ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली. हरियाणाकडे नेताना गाडी रेल्वे फाटकाशी अडली, त्या उतरून मोरीवर बसल्या, भोवती वकील, कार्यकर्ते आणि पत्रकार. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यानं पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. सरकारची सगळी फजिती छापून आली, आणि ती छापायचं स्वातंत्र्य त्याच सरकारनं दिलं होतं. सेन्सॉर असता तर हे सगळं झाकलं गेलं असतं, असा विचार एखाद्या मंत्र्याच्या मनात चुकून तरी आला असेल का, कोण जाणे. तसं कुणी केलं नाही, हे मात्र नोंदवायला हवं. बातमी छापली म्हणून संपादकाला तुरुंगात टाकण्याची आणीबाणीतली रीत परतली नाही.

मोरारजींची अडचण वेगळी. प्रश्न टाळायचा हा त्यांचा स्वभावच नव्हता. दारूबंदी विचारा, शिवाम्बू विचारा, ताठ बसून उत्तर देणार. अमेरिकी टीव्हीवर त्यांनी स्वमूत्रप्राशनाचे फायदे सांगितले आणि जगभर पंतप्रधानांची ओळख तीच झाली. आजचा कुठलाही माध्यम सल्लागार हे ऐकून डोकं धरून बसेल. मला मात्र त्यांचं हे उघडेपण, अव्यवहारी असलं तरी, आवडतं. पत्रकारानं विचारावं आणि पंतप्रधानांनी उत्तर द्यावं, यात काही तरी निरोगी होतं, शिवाम्बूचा भाग वगळून.

सरकारला खरा मार बसला तो स्वतःच्या मंत्र्यांकडून. वृत्तपत्रं मोकळी झाल्यावर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग कुणी केला असेल तर मंत्र्यांनीच, एकमेकांविरुद्ध. जून १९७८ च्या अखेरीस गृहमंत्री चरणसिंग यांनी पत्रक काढलं: इंदिरा गांधींवर खटला चालवता येत नाही म्हणून लोक आम्हाला नपुंसकांचा गोतावळा समजतात. हे गृहमंत्र्यांचं म्हणणं, स्वतःच्या मंत्रिमंडळाबद्दल, वर्तमानपत्रांतून. मोरारजींनी राजीनामा मागितला; आरोग्यमंत्री राजनारायणही गेले. मग पंतप्रधानांच्या चिरंजीवांवरचे आरोप, मग त्यावरून मोरारजी आणि चरणसिंग या दोघांमधला पत्रव्यवहार, मग तो संसदेत मांडा म्हणून गोंधळ. जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंग उपपंतप्रधान म्हणून परत. वार्ताहरांना बातमी शोधायला जावं लागत नव्हतं, ती बंगल्यांवरून घरपोच येत होती.

या गदारोळात पत्रकारितेचं खरं काम कुठे झालं याची आठवण ठेवावी म्हणून एक उदाहरण. जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’नं बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर लेख छापले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा असते त्याहून अधिक वर्षं खटल्याविना आत असलेली माणसं. त्या लेखांवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, हुसैनारा खातून खटला म्हणून ती ओळखली जाते, आणि जलद सुनावणीचा हक्क घटनेत आहे असा निर्णय आला. बिहारमध्ये तेव्हा राज्य होतं जनता पक्षाचंच.

शेवटच्या काही महिन्यांत

मे १९७८ मध्ये न्यायमूर्ती गोस्वामींच्या अध्यक्षतेखाली दुसरा वृत्तपत्र आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल यायच्या आत सरकार गेलं. प्रेस कौन्सिलचा नवा कायदा १९७८ मध्ये झाला, परिषद १९७९ मध्ये बसली.

सर्वांत टिकाऊ काम चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत झालं, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. संसद आणि विधिमंडळांच्या कामकाजाचं प्रामाणिक वृत्त छापण्याचं संरक्षण घटनेतच, ३६१ अ या कलमात आलं. आता ते साध्या बहुमतानं, डिसेंबरातल्या एखाद्या अध्यादेशानं काढता येत नाही. आक्षेपार्ह मजकुराचा कायदा नवव्या परिशिष्टाच्या यादीतूनही खोडला गेला. ‘अंतर्गत गोंधळ’ हे आणीबाणीचं कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं, आणि तशा आणीबाणीतही भाषणस्वातंत्र्याचं एकोणिसावं कलम आपोआप निलंबित होणार नाही अशी तरतूद झाली. त्यासाठी युद्ध किंवा परकी आक्रमण लागेल. ३६१ अ जून १९७९ मध्ये लागू झालं. पुढच्या महिन्यात मोरारजींनी राजीनामा दिला.

१९८०

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. गोस्वामी आयोगानं राजीनामा दिला, त्या जागी न्यायमूर्ती मॅथ्यू यांचा आयोग आला. पण ‘समाचार’ पुन्हा निघाली नाही. सेन्सॉर आला नाही. प्रेस कौन्सिल राहिली, १९७७ चा कायदा राहिला, ३६१ अ राहिलं. जनता सरकारनं कायदा करून जे पक्कं केलं होतं ते सगळं टिकलं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन नव्या मंत्र्यांना जसेच्या तसे मिळाले. हे मंत्री नागपूरचे वसंत साठे. स्वायत्ततेचं विधेयक त्यांच्या सरकारनं पुन्हा आणलं नाही. साठ्यांनी दूरदर्शनचा पसारा वाढवायला घेतला आणि १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला. मनोरे उभे राहत गेले, गावोगावी संच पोचले, आणि त्या सगळ्या पडद्यांवरच्या बातम्या दिल्लीत त्याच खात्याखाली तयार होत राहिल्या.

प्रसार भारती कायदा संसदेत मंजूर झाला १९९० मध्ये, जनता दलाच्या सरकारात. तो लागू व्हायला १९९७ उजाडलं. तोवर घराघरांत केबलची तार आली होती आणि लोक बातम्या दुसरीकडे बघत होते.